नादारीचा अर्ज आणि तीनशे चाळीस भांडी

दिगंबरभाऊंनी स्टॅम्प पेपर आधीच विकत आणला होता. पंख्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, दिवाळं काढून टाका. आजच्या आज."

पूर्वी अशील त्रास सांगायचे, हल्ली उपाय घेऊनच येतात. दिगंबरभाऊंना कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. कोर्टात एक अर्ज टाका, सगळं कर्ज माफ, असं त्यात होतं. व्हिडिओ पावणेतीन मिनिटांचा होता. मी मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करते आहे. मला हा विषय पावणेतीन मिनिटांत सांगता येत नाही.

दिगंबरभाऊंचं लालबाग रोडला टेंट हाऊस होतं. आजोबांनी सुरू केलेलं. मांडव, खुर्च्या, गाद्या, लाइटिंग. शहरातल्या कितीतरी लग्नांत मी त्यांच्याच खुर्चीवर बसून वरण-बट्टी खाल्ली आहे. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं तेवढी बदलली.) बरोबर त्यांची बायको मंगलाताई होत्या. त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"कर्ज कशाचं?" मी विचारलं.

"लोकाइले एलईडी वॉल पाहिजे झाली, एसी डोम पाहिजे झाला. मी म्हटलं, आपणही घेऊ. बँकेची सीसी घेतली."

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. व्यापाऱ्याच्या मालावर बँक एक लिमिट ठरवून देते, त्या लिमिटमध्ये पैसे काढायचे आणि भरायचे. जितकं वापराल तितक्याचं व्याज. माल तुमच्याच गोडाऊनमध्ये राहतो, पण त्यावर हक्क बँकेचा. याला हायपोथिकेशन म्हणतात. दर महिन्याला माल किती आहे ते बँकेला लिहून द्यायचं, ते स्टॉक स्टेटमेंट.

डोम आला आणि पाठोपाठ हायवेला लग्नाचे लॉन सुरू झाले. तिथे जेवणापासून वॉलपर्यंत सगळं एकाच बिलात. डोम दोन वर्षांत अकरा वेळा बाहेर पडला. व्याज मात्र रोज बाहेर पडत होतं. आता बँकेचे व्याजासह सोळा लाख झाले होते. शनवारा मोहल्ल्यातल्या एका गृहस्थाकडून महिना तीन टक्क्यांनी उचललेले चार लाख वेगळे, टेम्पोचे हप्ते वेगळे.

"विकण्यासारखं काही आहे?"

"काही नाही."

"गोडाऊन कोणाच्या नावावर आहे? बँकेकडे गहाण आहे का?"

"माझ्या नावावर आहे, गहाण नाही. पण गोडाऊन विकाचं नाही."

उत्तर फार पटकन आलं. असं झालं की मी कागदावर पेन्सिलीने एक फुली मारते आणि पुढे जाते. फुलीकडे नंतर बघायचं.

मग मी त्यांना नादारी समजावली. दिवाळखोरीला कोर्टाच्या भाषेत नादारी म्हणतात. कंपन्यांसाठी नवा कायदा आला. आपल्यासारख्या गावातल्या साध्या माणसासाठी जिल्हा कोर्टात अजून शंभर वर्षांचा जुना कायदाच चालतो. अर्जात मुख्य दोन याद्या. पहिली, कोणाचं किती देणं आहे. दुसरी, तुमचं स्वतःचं काय काय आहे. दोन्ही शपथेवर. मग कोर्ट रिसीव्हर नेमतं, म्हणजे तुमची मालमत्ता ताब्यात घेऊन विकणारा माणूस. आलेले पैसे ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटले जातात. तुमचं वागणं सचोटीचं असेल तर उरलेल्या देण्यातून कोर्ट तुम्हाला मोकळं करू शकतं. यात लपवाछपवी आढळली तर मोकळीक राहिली बाजूला, जेलची हवा खावी लागते.

"आणि ज्यांचं देणं आहे त्या प्रत्येकाला नोटीस जाते," मी म्हटलं.

दिगंबरभाऊ सावरून बसले. "नोटीस? म्हणजे गावाले माहीत पडते?"

"गॅझेटमध्ये छापून येतं."

"मले वाटलं कोर्टाचं काम गुपचूप राह्यते."

कोर्टात गुपचूप काहीच होत नाही. आमच्या चहावाल्याला निकाल कधीकधी आमच्याआधी कळतो. पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

तेव्हा मंगलाताई पहिल्यांदा बोलल्या. "मॅडम, बँकेत सही तं माझी पण आहे."

म्हणजे त्या गॅरंटर. नवरा नादार झाला तरी गॅरंटर सुटत नाही. बँक सरळ त्यांच्याकडे वळणार. मी तसं सांगितलं.

"मंग मी पण काढू का दिवाळं?" त्यांनी विचारलं. मीही चहा घेऊ का, असं विचारावं तितक्या सहज विचारलं. मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. त्या बाईने गेले चार महिने दारावर येणाऱ्या रिकव्हरी एजंटना एकटीने तोंड दिलं होतं. दिगंबरभाऊ मागच्या दाराने निघून जायचे.

मी त्यांना सगळे कागद आणि स्वतःच्या हाताने केलेल्या दोन याद्या आणायला सांगितल्या.

चार दिवसांनी कागद आले. पहिली यादी बिनचूक होती, पैशासकट. दुसरी यादी एका पानाची. खुर्च्या, गाद्या, डोम, वॉल, टेम्पो, गोडाऊन. मी ती बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहिली. वकिलीतलं निम्मं काम हेच, दोन कागद शेजारी ठेवणं. स्टेटमेंटमध्ये एक ओळ जास्त होती. "पीतल व ताँबे के बर्तन, ३४० नग." किंमत सहा लाख ऐंशी हजार.

"ही भांडी तुमच्या यादीत नाहीत. विकली का?"

"नाही. हायेत ना गोडाऊनमधी."

"मग लिहिली का नाहीत?"

दिगंबरभाऊंनी मंगलाताईंकडे पाहिलं. मंगलाताईंनी खिडकीकडे पाहिलं.

"ती आपली नाही, मॅडम," दिगंबरभाऊ म्हणाले. "समाजाची आहे."

मी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या समाजात एक रीत आहे. घरात कोणी गेलं की तेराव्याला घरचे एक भांडं पंचांना देतात. त्यावर गेलेल्या माणसाचं नाव घातलेलं असतं. कोणी परात देतं, कोणी हंडा, कोणी कढई. ऐपतीप्रमाणे. ही सगळी भांडी भांडारात जमा होतात आणि समाजातल्या कुठल्याही घरच्या लग्नाला फुकट मिळतात. नेताना रजिस्टरवर सही करायची, परत देताना चिंचेने घासून द्यायची. ज्याच्याकडे भांडाराची किल्ली तो भांडारी. हा मान दिगंबरभाऊंच्या घरात आजोबांपासून होता, आणि म्हणून भांडार त्यांच्याच गोडाऊनमध्ये होतं.

मला पेन्सिलीची फुली आठवली. गोडाऊन का विकायचं नाही, ते आता कळलं. गोडाऊन गेलं तर भांडार हलवावं लागेल, भांडार हलवायचं तर पंच कारण विचारणार.

"बँकेच्या कागदात ती तुमची म्हणून कशी आली?"

"साहेब गोडाऊन पाहाले आले होते. डोम धरला, खुर्च्या धरल्या. तरी लिमिट कमी पडू राह्यलं होतं. मंग त्याइनं विचारलं, ये बर्तन भी आपके हैं? मी मान हलवली." ते थांबले. "मॅडम, तुम्हाला खोटं वाटीन, पण तेव्हा मले खोटं बोलतो असं वाटलंच नाही. जन्मापासून आमच्याच कुलपात पाहिली ती भांडी."

"आणि त्यानंतर दर महिन्याला स्टेटमेंटवर सही केलीत, तेव्हा?"

मला राग आला. फसवणूक करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचा येत नाही. चांगल्या माणसाने सोय म्हणून स्वतःलाच गंडवलं की येतो.

त्याच दुपारी मी गोडाऊन बघायला गेले. अर्ज लिहायचा तर माल डोळ्याने पाहायचा, ही माझी सवय आहे. भांडी मागच्या खोलीत लाकडी मांडण्यांवर होती. लखलखीत. एकेक परात लहान मूल झोपेल एवढी मोठी. आणि प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी घातलेली नावं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, पंच मंडळ, बुऱ्हाणपूर. मी नावं वाचत गेले. दारामागच्या हंड्यावर होतं, कै. गोदावरीबाई.

"माझी आई," दिगंबरभाऊ म्हणाले. "हा पण यादीत धरला होता."

ते त्या हंड्याला हात लावून उभे राहिले आणि रडू लागले. मंगलाताईंनी त्यांना रडू दिलं. माझा राग तिथेच ओसरला, पण अडचण तशीच होती.

ती त्यांना मी तिथेच, पालथ्या घातलेल्या खुर्च्यांच्या शेजारी उभी राहून सांगितली. भांडी आपली म्हणून अर्जात लिहिली, तर शपथेवर खोटं, आणि समाजाच्या मेलेल्या माणसांची आठवण लिलावात. आपली नाहीत म्हणून लिहिलं, तर बँक विचारणार की मग आम्हाला काय लिहून दिलं होतं. ती फसवणूक ठरली तर नादारी मिळूनही बँकेच्या देण्यातून सुटका नाही. वर गॅरंटर म्हणून मंगलाताई अडकलेल्याच.

"मंग असं करू का," ते म्हणाले, "उद्या टेम्पो लावतो आणि भांडी मंगल कार्यालयात हलवून टाकतो."

"बँकेच्या कागदावरचा माल बँकेला न सांगता हलवणं हा दुसरा गुन्हा. पहिलाच अजून निस्तरायचाय."

"मंग अर्ज टाकाचा का नाही?"

तीस वर्षांत मी अशिलाला थेट उत्तर क्वचित दिलं असेल. आम्हा लोकांना 'एका बाजूने पाहिलं तर' म्हणायची खोड असते. त्या दिवशी दिलं. "नाही टाकायचा. नादारी ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी. तुमच्याकडे गोडाऊन आहे. ते विकून बँकेशी तडजोड होऊ शकते. पण त्याआधी भांड्यांचं खरं सांगावं लागेल. आधी पंचांना, मग बँकेला."

"बँकेले सांगतो. पंचाइले नाही सांगू शकत."

"उलटं आहे. पंचांनी लेखी दिल्याशिवाय बँक भांडी सोडणार नाही."

त्यांनी गोडाऊनचं कुलूप हातात फिरवलं. "तुम्ही सांगा ना, मॅडम. तुम्ही वकील आहे."

"मी बरोबर येईन. बोलणार तुम्ही."

यावर मंगलाताई म्हणाल्या, "नाही तं मी बोलते. मले एजंटाइशी बोलून सवय झाली." त्यात टोमणा होता, आणि तो बरोबर लागला.

रविवारी सकाळी समाजाच्या मंगल कार्यालयात पंच बसले. वीस-पंचवीस माणसं, दहाएक बायका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे होते. त्या मुहूर्तावर समाजात सात लग्नं होती आणि सातही घरांना भांडी लागणार होती. दिगंबरभाऊ उभे राहिले. प्रस्तावना वगैरे काही केली नाही. "भांडाराची भांडी मी माझी म्हणून बँकेत दाखवली. कर्ज घेतलं. आता बँक ती नेऊ शकते." एवढं बोलून ते उभेच राहिले.

मग जो गलका व्हायचा तो झाला. एक बाई उठून म्हणाल्या, "माझ्या बाबाची परात तू बँकेत ठेवली?" दोन-तीन तरुण म्हणाले, सीधा एफआयआर करो, अशा माणसाला सोडायचं नाही. आवाज चढले. माझ्या लक्षात आलं की आपण या माणसाला खरं बोलायला लावून थेट ठाण्याच्या पायरीवर आणून सोडलंय. बोलणार नाही असं मीच म्हटलं होतं. ती अट पाळणं मला फार जड गेलं.

सगळ्यात वयस्क पंच नामदेवआबा माझ्याकडे वळले. "बाई, पोलिसात दिलं तं भांडी कुठं राह्यतीन?"

"पुरावा म्हणून जप्त होतील. ठाण्याच्या मालखान्यात."

"किती दिवस?"

"केस संपेपर्यंत. सांगता येत नाही. काही वर्षं."

आबांनी त्या तरुणांकडे पाहिलं. "आखाजीले सात लग्नं आहे. तुझ्या बहिणीचं त्यात एक. वरण कशात शिजवशीन?"

तो मुलगा बसला. आबांनी दुसरा प्रश्न दिगंबरभाऊंना विचारला. "नग पुरे आहेत?"

"मोजून घ्या."

त्याच दिवशी सगळे गोडाऊनमध्ये गेले. रजिस्टर काढलं, एकेक भांडं नावानिशी मोजलं. तीन तास लागले. तीनशे बावन्न निघाली. बँकेच्या साहेबांनी बारा कमी मोजली होती. रजिस्टरशी ताळा बरोबर जमला. तीन पिढ्यांत एक चमचासुद्धा हरवला नव्हता. आबांनी पत्र द्यायचं कबूल केलं आणि मग हात पुढे केला. "दिगंबर, किल्ली."

दिगंबरभाऊ कमरेची किल्ली सोडू लागले. गाठ सुटेना. शेवटी मंगलाताईंनी सोडवून दिली. किल्ली त्याच दुपारी समाजातल्या सुरेशभाऊंकडे गेली. त्यावर कोणी चर्चा केली नाही.

बँकेचं त्यामानाने सोपं झालं. मॅनेजर इंदूरहून नुकताच बदलून आलेला तरुण होता. पंचांचं पत्र, रजिस्टर, भांड्यांचे फोटो, सगळं वाचून तो म्हणाला, "मॅडम, ये तो सीधा फ्रॉड है."

"आहे," मी म्हटलं. "म्हणून तर आम्ही स्वतःहून आलो. आता हा तुमच्या बँकेचा इन्स्पेक्शन रिपोर्ट बघा. भांडी प्रत्यक्ष पाहून खात्री केली, असं यात लिहिलंय. आणि हा परातीचा फोटो."

फोटोत 'पंच मंडळ' ही अक्षरं बोटाएवढी मोठी दिसत होती. मॅनेजरने रिपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा रिपोर्ट पाहिला. मग पाणी मागवलं. सही त्याची नव्हती, त्याच्या आधीच्या साहेबांची होती, पण वर उत्तर त्यालाच द्यावं लागलं असतं.

"प्रपोजल क्या है?" त्याने विचारलं.

प्रपोजल ओटीएसचं होतं, वन टाइम सेटलमेंट. बँकेला थकबाकीपेक्षा काही कमी, पण एकरकमी पैसे द्यायचे आणि खातं बंद करायचं. दीड महिना पत्रव्यवहार चालला. साडेबारा लाखांवर तडजोड झाली. भांडी बँकेच्या कागदावरून निघाली, फसवणुकीची तक्रार झाली नाही, मंगलाताईंची गॅरंटी सुटली. गोडाऊन सतरा लाखांना गेलं. त्यातून शनवाऱ्यातल्या गृहस्थाचेही पैसे फिटले. डोम आणि वॉल एका लॉनवाल्याने मातीमोल भावाने घेतले. टेम्पो विकला, हप्ते संपले. दिगंबरभाऊ आता भाड्याच्या एका शटरमध्ये खुर्च्या, गाद्या आणि साधा मांडव एवढंच देतात. मंगलाताई हिशोब बघतात. माझी फी तीन हप्त्यांत आली, तिन्ही वेळेवर.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न समाजाच्याच मंगल कार्यालयात होतं. भांडार आता तिथेच मागच्या खोलीत आहे. मी जरा लवकर पोचले, म्हणून भांडी नेण्याचं काम बघायला मिळालं. सुरेशभाऊंनी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, "सही करा फक्त, भाऊ. तुमची काय भांडी मोजाची."

"मोज," दिगंबरभाऊ म्हणाले. "माझी तं मोजच."

सुरेशभाऊ मोजू लागले. दिगंबरभाऊ आकडा पुटपुटत शेजारी उभे राहिले. गोदावरीबाईंच्या नावाचा हंडा आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि पुढचा आकडा म्हटला.

त्यांचा स्टॅम्प पेपर माझ्याकडेच राहिला, कोराच. कर्जबाजारी माणसाची झोप पहिली यादी उडवते, कोणाचं किती देणं आहे ती. ती लोक पाठ म्हणून दाखवतात. घोटाळा दुसरीत असतो, आपलं काय काय आहे त्या यादीत. म्हणून आता कोणी दिवाळं काढायचं म्हणत आलं, की मी त्याचे कागद बाजूला ठेवते, एक कोरं पान पुढे सरकवते आणि म्हणते, तुमच्या घरात जे तुमचं नाही, ते आधी लिहा.